लंगडणं आणि झोकांडणं : घोड्याच्या मानेतलं निदान

आज घोड्याबद्दल बोलायचं आहे. पत्रिकेतलं विषयाचं नाव जरा भारदस्त आहे : 'घोड्यांचे मज्जाविकार आणि प्रतिमानिदान'. त्याला घाबरू नका. घोड्याचा तोल जायला लागला तर तो का जातो हे आम्ही कसं शोधतो, आणि त्या शोधात एक्स-रे, सीटी, एमआरआय यांचा उपयोग कुठवर होतो, एवढंच आज सांगायचं आहे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. रायडिंग स्कूलमधला पाच वर्षांचा घोडा आहे. मोतद्दार म्हणतो, "साहेब, वळताना ह्याचे मागचे पाय एकमेकांत अडकतात." मालक म्हणतो, "आळशी झालाय, दुसरं काही नाही." शिकवणारे म्हणतात, "लंगडतोय. खूर बघा, नाल बघा." तिघंही रोज घोडा पाहणारे आहेत, आणि तिघांचं म्हणणं वेगळं आहे. उद्या सकाळी त्याच घोड्यावर बारा वर्षांची एक मुलगी बसणार आहे. घोड्याचं वजन साडेचारशे-पाचशे किलो. तो मुलीसकट पडला तर काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

म्हणजे आमच्यापुढे प्रश्न तीन असतात. ह्यावर माणसाने बसावं का? ह्याला बरं करता येईल का? आणि दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर ह्याला किती दिवस असं ठेवायचं? निदान हे शेवटी ह्या तीन प्रश्नांसाठी असतं. रोगाला नाव देऊन मोकळं होण्यासाठी नसतं.

दोन तज्ज्ञ, एक घोडा

अशा घोड्याकडे दोन प्रकारचे तज्ज्ञ पाहतात. एक मज्जाविकारांचा. मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायू ह्यांतला बिघाड नेमका कुठे आहे, हे तो हाताने आणि डोळ्याने तपासतो. दुसरा इमेजिंगचा. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ह्यांपैकी काय काढायचं, कसं काढायचं आणि आलेली प्रतिमा कशी वाचायची, हे त्याचं काम. अमेरिकेत आणि युरोपात पशुवैद्यकाची पदवी झाल्यावर निवासी डॉक्टर म्हणून काही वर्षं काढून, परीक्षा देऊन ही तज्ज्ञता मिळते. तिथेही मज्जाविकारांचे बहुतेक तज्ज्ञ कुत्र्या-मांजरांकडे वळतात. घोड्यांचं काम बऱ्याचदा घोड्यांचे फिजिशियनच अंगावर घेतात. आपल्याकडे पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शल्यचिकित्सा आणि क्ष-किरणशास्त्र हा एकच विभाग असतो. त्यामुळे इथे एकाच माणसाला दोन टोप्या घालाव्या लागतात.

टोप्या कितीही असोत, क्रम एकच. आधी तपासणी, मग प्रतिमा. आजच्या व्याख्यानातली एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या : प्रतिमा उत्तर देते, पण प्रश्न हाताने विचारावा लागतो.

प्रश्न कसा विचारायचा

लंगडणारा घोडा आणि तोल गेलेला घोडा ह्यांत फरक काय? लंगडण्याला नेम असतो. दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, आणि प्रत्येक पावलाला तसंच होतं. दहा पावलं पाहिली की अकरावं सांगता येतं. तोल गेलेल्या घोड्याचा नेम सांगता येत नाही. एक पाऊल लांब पडतं, दुसरं आखूड. एकदा पाय बाहेर फेकला जातो, एकदा पोटाखाली जातो. कारण पाय दुखत नसतो. आपला पाय ह्या क्षणी कुठे आहे, ही खबर मेंदूपर्यंत धड पोचत नसते. आपला पाय झोपतो, मुंग्या येतात आणि आपण उठून चालायला जातो, तेव्हा कसं होतं? जवळपास तसं.

हे उघड करायला आम्ही घोड्याला अडचणीत टाकतो. सरळ सपाट रस्त्यावर तो सवयीने सांभाळून नेतो, म्हणून अगदी लहान वर्तुळात फिरवतो. मागे चालवतो. डोकं वर धरून चढावर-उतारावर चालवतो. पायरीएवढ्या उंचवट्यावरून नेतो. आणि चालता चालता शेपूट धरून बाजूला ओढतो. धडधाकट घोडा आपल्याला दाद देत नाही. मज्जारज्जू दबलेला घोडा एका माणसाच्या ओढीनेही बाजूला झुकतो. एवढं मोठं जनावर शेपटीच्या ओढीने झोकांडतं, हे मालक स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो तेव्हा 'आळशी झालाय' हे वाक्य पुन्हा ऐकू येत नाही.

मग आम्ही 0 ते 5 असे अंक देतो. 0 म्हणजे ठीक. 1 म्हणजे खास परीक्षा घेतल्यावरच दिसणारा दोष. 2 म्हणजे सौम्य, पण साध्या चालण्यातही दिसणारा. 3 ठळक. 4 म्हणजे पडण्याच्या बेतातला. 5 म्हणजे जमिनीवर पडलेला, उठू न शकणारा. घोड्यांच्या मज्जाविकारांची ही शिस्तशीर तपासणी रुजवण्यात जो मेह्यू ह्या तज्ज्ञांचा मोठा वाटा आहे, आणि अंकांची ही पट्टीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

अंक प्रत्येक पायाला वेगळा द्यायचा. ह्यातून बिघाडाची जागा कळते. चारही पाय बिघडलेत, मागचे पुढच्यांपेक्षा साधारण एक अंकाने जास्त, आणि डोळे, कान, जीभ, गिळणं सगळं ठीक आहे. मग बिघाड बहुधा मानेत आहे. आता तुम्ही विचाराल, मान तर पुढे आहे, मग मागचे पाय जास्त का बिघडतात? कारण मानेतल्या मज्जारज्जूत मागच्या पायांचे तंतू बाहेरच्या अंगाला असतात आणि पुढच्या पायांचे आतल्या बाजूला. बाहेरून दाब आला की आधी बाहेरचे चेपतात.

इथपर्यंत एकही यंत्र लागलेलं नाही, आणि आपण शेपटीपासून मानेपर्यंत येऊन पोचलो आहोत.

मानेतली अरुंद गल्ली

घोड्याच्या मानेत मणके किती? सात. आपल्याही मानेत सातच. प्रत्येक मणक्याच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. ही गल्ली कुठे अरुंद झाली की रज्जू चेपतो. इंग्रजीत अशा घोड्यांना 'वॉबलर' म्हणतात, म्हणजे डुलणारा.

त्यांच्यात ढोबळमानाने दोन वयोगट दिसतात. पहिला कोवळ्या घोड्यांचा, साधारण दोन वर्षांच्या आतबाहेरचा. भरभर वाढणारे, भरपूर खाणारे, बहुतेक नर, आणि थरोब्रेड जातीत जास्त. त्यांच्या मानेच्या मधल्या मणक्यांत मान वाकवली की दाब येतो. दुसरा गट वयस्कांचा. त्यांच्यात मानेच्या तळाशी, पाचव्या-सहाव्या-सातव्या मणक्यांपाशी, सांधे झिजून जाड होतात आणि गल्लीत अतिक्रमण करतात. माणसांत चकती सरकते तशी घोड्यात क्वचितच सरकते.

आता प्रतिमेची पाळी येते. पहिला एक्स-रे. तो तबेल्यात नेता येतो, घोडा उभ्यानेच राहतो, गुंगीचं थोडं औषध पुरतं. पण एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, हाड दिसतं. मग गल्ली अरुंद आहे हे मोजायचं कसं? घोडा लहान-मोठा असतो, यंत्र जवळ-लांब असतं, त्यामुळे मिलिमीटरवर भरवसा ठेवता येत नाही. त्यावर गुणोत्तराचा तोडगा निघाला. मणक्याच्या पोकळीची कमीत कमी उंची घ्यायची आणि त्याच मणक्याच्या हाडाच्या जास्तीत जास्त उंचीने भागायची. प्रतिमा कितीही मोठी दिसो, दोन्ही आकडे सारखेच वाढतात आणि भागाकार तोच राहतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढचे आकडे रूढ झाले : चौथ्या ते सहाव्या मणक्यात 0.52 पेक्षा कमी आणि सातव्यात 0.56 पेक्षा कमी असेल तर संशय घ्यावा. समजा पोकळी 22 आणि हाड 44 भरलं, तर गुणोत्तर 0.50. संशयाला जागा आहे.

'संशय' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गल्ली अरुंद आहे म्हणजे त्यात चालणारा चेपलाच, असं नाही. शिवाय मान जरा तिरपी झाली तरी माप चुकतं. आणि मानेच्या तळाशी खांद्यांचे इतके जाड स्नायू असतात की चित्र धूसर येतं. नेमकं वयस्क घोड्यांचं दुखणं तिथेच असतं.

आमची एक चूक

ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, म्हणून सांगतो. एक घोडी आली होती. वय चौदा-पंधरा. पुढच्या पायांनी ठेचकाळायची. त्या दिवशी गडबड होती. आम्ही आधी एक्स-रे काढला आणि मग तिला चालवून पाहिलं. सहाव्या-सातव्या मणक्यातला सांधा चांगलाच जाड दिसला. चित्र डोक्यात बसलं, आणि मग तिच्या चालण्यात आम्हाला तोल गेलेलाच दिसायला लागला. मालकांना सांगितलं, मानेचं आहे, हिच्यावर बसणं थांबवा.

काही आठवड्यांनी आमच्यातल्याच एकाने तिला पुन्हा शांतपणे तपासलं. शेपूट ओढली, ती हलली नाही. मागे चालवली, नीट चालली. मग पुढच्या दोन्ही पायांच्या टाचांकडच्या नसा बधिर केल्या, आणि घोडी मोकळी चालायला लागली. दुखणं दोन्ही टाचांत होतं. दोन्ही पाय सारखेच दुखत असल्याने ती एका पायाने लंगडत नव्हती, पावलं आखूड टाकत होती आणि ठेचकाळत होती. मानेतला जाड सांधा खरा होता, पण तो तिला काही करत नव्हता. वय झालेल्या, अगदी ठणठणीत घोड्यांतही असे सांधे दिसतात.

घोडी नशिबाने वाचली. पण विचार करा, मालकांनी आमचं ऐकून तिला कायमचं झोपवायला सांगितलं असतं तर? चित्र खरं होतं आणि निदान खोटं. तेव्हापासून आमचा नियम आहे : तपासणीचे अंक कागदावर लिहून झाल्याशिवाय पडद्यावरचं चित्र पाहायचं नाही.

भूल देण्याची किंमत

रज्जू खरंच चेपतो का, हे पाहायला मायलोग्राम नावाची तपासणी आहे. डोकं आणि पहिला मणका ह्यांच्या फटीतून सुई घालून रज्जूभोवतीचं थोडं पाणी काढतात आणि त्या जागी एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध सोडतात. मग रज्जूच्या वर-खाली पांढऱ्या रेघा दिसतात. मान सरळ ठेवून, वाकवून आणि ताणून एक्स-रे घेतले की रेघ कुठे बारीक होते ते कळतं.

हे बहुतेक वेळा पूर्ण भूल देऊनच करतात, आणि घोड्याला भूल देणं म्हणजे खेळ नव्हे. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, पोटदुखीच्या तातडीच्या शस्त्रक्रिया वगळूनही, भूल दिलेल्या घोड्यांपैकी सुमारे 0.9 टक्के घोडे दगावल्याचं दिसलं. शंभरात जवळपास एक. पुढच्या काळात हा आकडा खाली आला आहे, पण माणसांच्या मानाने तो फारच मोठा आहे. कारण घोडा हा शिकार होणारा प्राणी. जाग येताच त्याला उठून उभं राहायचं असतं. अर्धवट गुंगीत उठताना तो पडतो, पाय मोडतो. त्यात आमचा घोडा तर आधीच तोल गेलेला.

म्हणून भूल देण्याआधी आम्ही मालकांना एक साधा प्रश्न विचारतो : "ह्या तपासणीच्या उत्तराने तुमचा निर्णय बदलणार आहे का?" शस्त्रक्रिया करायचीच नसेल आणि घोड्यावर बसायचंही नसेल, तर केवळ आमचं कुतूहल भागवायला त्याला धोक्यात घालायचं नाही.

यंत्राचं भोक केवढं?

"मग सरळ एमआरआय का नाही काढत?" हा प्रश्न हमखास येतो. अडचण गमतीची आहे. एमआरआयच्या बोगद्याचं तोंड साधारण 60 ते 70 सेंटिमीटर असतं. घोड्याचं डोकं आणि मानेचा वरचा भाग आत जातो, मग खांदे अडतात. म्हणजे मेंदू पाहता येतो, पण मानेचा तळ बाहेरच राहतो. घोडा उभा ठेवून एमआरआय काढणारी यंत्रं 2002 च्या सुमारास आली, पण ती मुख्यतः खूर आणि पाय पाहण्यासाठी.

सीटीचं तोंड जास्त रुंद करता येतं, त्यामुळे मोठ्या तोंडाच्या यंत्रांत आता मानेच्या तळापर्यंत पोचता येतं. सीटीचा मोठा फायदा म्हणजे आडवा काप. बाजूने काढलेल्या एक्स-रेत वरून-खालून आलेला दाब दिसतो, पण डावी-उजवीकडून आलेला झाकला जातो. कापात तो उघडा पडतो. डोक्याचा सीटी तर गुंगीच्या औषधावर उभ्या घोड्याचाही काढतात.

चित्रात न दिसणारे

प्रत्येक झोकांडणाऱ्या घोड्याचा दोष मानेच्या हाडात नसतो. इथे तुम्ही कुठल्या देशात आहात ह्याला महत्त्व येतं. अमेरिकेत आधी विचार करतात तो सार्कोसिस्टिस न्यूरोना ह्या परजीवीचा. तो ओपोसम नावाच्या प्राण्याच्या विष्ठेतून चाऱ्यात येतो. ओपोसम फक्त अमेरिका खंडांत, म्हणून हा रोगही तिथलाच.

आपल्याकडे दुसरी यादी काढावी लागते. जुन्या माणसांना 'कुमरी' हा शब्द माहीत असेल. कमर म्हणजे कंबर, त्यावरून आलेला. घोड्याची कंबर जाते, मागचा भाग डुलतो. त्याचं एक कारण सेटारिया नावाचा जंत. हा मुळात गाई-म्हशींच्या पोटात राहतो आणि त्यांना फारसा त्रास देत नाही. डास त्याची पिल्लं घोड्यात आणून सोडतो. चुकीच्या घरात आलेली ही पिल्लं भरकटतात, आणि काही मज्जारज्जूत शिरतात. कधी हाच जंत घोड्याच्या डोळ्यातल्या पाण्यात वळवळताना दिसतो. गोठा आणि तबेला शेजारी असेल तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

दुसरा सर्रा. चावऱ्या माश्यांनी पसरणारा. ताप, अशक्तपणा, सूज, आणि पुढे तोल जाणं. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स ह्यांनी डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली ह्याचा परजीवी पाहिला. आजही त्यासाठी रक्ताची तपासणीच लागते, सीटी नाही.

आणि तिसरा रेबीज. पिसाळलेला घोडा चावत सुटेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात तो नुसता मागून डुलू शकतो, लंगडू शकतो, पोट दुखल्यासारखं करू शकतो. म्हणून काही दिवसांत झपाट्याने बिघडत चाललेल्या घोड्याच्या तोंडात हातमोजे घातल्याशिवाय हात घालायचा नाही. रेबीज कुठल्याही प्रतिमेत ओळखू येत नाही, आणि इथे चूक झाली तर जीव तपासणाऱ्याचा जातो.

घोड्याची मान, माणसाची पाठ

शेवटी एक आशेची गोष्ट. सिएटल स्लू हा अमेरिकेतला नामांकित शर्यतीचा घोडा. 1977 मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या शर्यती त्याने एकही शर्यत न हरता जिंकल्या. पुढे म्हातारपणी त्याची मान झिजली आणि तोल जायला लागला. 2000 साली, वयाच्या 26 व्या वर्षी, त्याच्या मानेचे मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रिया झाली. तो सावरला आणि पुन्हा पैदाशीच्या कामाला लागला. 2002 मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली, आणि त्याच वर्षी 7 मे रोजी तो गेला.

ही शस्त्रक्रिया आली कुठून? राल्फ क्लोवर्ड ह्या न्यूरोसर्जननी माणसाच्या मानेसाठी 1950 च्या दशकात मणके जोडण्याची एक पद्धत बसवली होती. 1970 च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या पशुवैद्यांनी ती घोड्यांवर वापरून पाहिली. त्यांच्यात पामेला वॅग्नर आणि बॅरी ग्रँट होते, आणि माणसांचे हाडांचे डॉक्टर जॉर्ज बॅगबी होते. मणक्यांमध्ये हाडाचा तुकडा बसवायचा तर तो दबायचा. बॅगबींनी भोकं पाडलेली स्टीलची नळकांडी तयार केली आणि तिच्यात त्याच घोड्याच्या हाडाचा चुरा भरला. भोकांतून नवं हाड वाढतं आणि दोन मणके एक होतात. मणके हलायचे थांबले की रज्जू चेपायचा थांबतो. ह्याच कल्पनेतून पुढे माणसाच्या कमरेच्या मणक्यांसाठी धातूचा पिंजरा आला, आणि 1996 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. माणसाकडून घोड्याकडे गेलेली विद्या सुधारून परत माणसाकडे आली.

पण नळकांडी बसवायची कुठल्या दोन मणक्यांत? मज्जाविकाराचा तज्ज्ञ म्हणतो, "मानेत आहे." इमेजिंगवाला म्हणतो, "पाचव्या-सहाव्यात आहे." दोघांची बोटं एकाच जागेवर आली तरच शल्यचिकित्सकाने सुरी उचलायची.

श्रोत्यांचे प्रश्न

*शस्त्रक्रिया झालेल्या घोड्यावर बसता येतं का?*

शस्त्रक्रियेने साधारण एक ते दोन अंकांची सुधारणा अपेक्षित असते, आणि तीही अनेक महिने विश्रांती आणि व्यायाम करून. 2 चा घोडा 0 किंवा 1 वर येऊ शकतो. 4 चा घोडा 2 वर आला तर तो कुरणात सुखाने राहील, पण त्यावर बसायचं नाही. पुन्हा तपासून, अंक पाहूनच ठरवायचं.

*आमच्याकडे यंत्रं नाहीत. आम्ही काय करावं?*

शेपूट सगळ्यांकडे आहे. घोडा लहान वर्तुळात दोन्ही बाजूंनी फिरवा, मागे चालवा, आणि मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवा. महिन्याने पुन्हा तेच करा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. घोडा झोकांडतोय असं वाटलं तर त्या दिवसापासून खोगीर उतरवा. डॉक्टर येईपर्यंत घोड्याला आणि मुलांना, दोघांनाही जपायचा एवढा एकच उपाय तुमच्या हातात आहे.

*मोतद्दाराचं म्हणणं किती मनावर घ्यावं?*

पहिलं त्याचंच घ्यावं. सुरुवातीचा प्रसंग आठवा. "पाय एकमेकांत अडकतात" हे जे तो म्हणाला, ते आमच्या सगळ्या तपासणीचं पहिलं वाक्य होतं.